तीन वर्षांचे रविवार

गेल्या महिन्यात एका रविवारी मी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला, चौकटीची वही घेतली आणि एक गुणाकार करायला बसले. १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. शाळा सुटल्यापासून तीन अंकांपलीकडचा गुणाकार मी हाताने केला नव्हता. एक शून्याची ओळ सोडली तर आठ ओळी होतात. पानावर मावेनात म्हणून वही आडवी केली. पंचवीस मिनिटांनी उत्तर आलं आणि मी ते मोठ्या अभिमानाने बाबांना दाखवलं.

बाबांनी चष्मा लावला. गुणाकार वाचलाच नाही. दोन्ही संख्यांचे आकडे मनातल्या मनात मिळवले, नऊ-नऊ काढून टाकले, मग माझ्या उत्तराचं तेच केलं आणि वही परत दिली.

"चुकलंय."

"कुठे?"

"ते नाही माहीत. दोन्हीकडे नऊ काढले की एक-एक उरतो. एक गुणिले एक, एक. म्हणजे उत्तरातही एक उरायला हवा. तुझ्यात शून्य उरतंय. एखादा हातचा राहिला असणार."

याला ताळा म्हणतात. तुमच्यापैकी काहींच्या आजी-आजोबांना येत असेल. खरं उत्तर माझ्या फोनमध्ये होतं, पण बाबांनी फोन आणू दिला नाही. राहिलेला हातचा शोधायला मला चाळीस मिनिटं लागली. पाचव्या ओळीत होता.

चूक *आहे* हे बाबांना अर्ध्या मिनिटात कळलं. ती *कुठे* आहे हे कळायला गुणाकारापेक्षा जास्त वेळ लागला. या दोन गोष्टींमधल्या अंतराची एक गोष्ट मला सांगायची आहे. ती एका एकवीस अंकी संख्येची आहे, साडेतीनशेहून जास्त वर्षं चालली आहे आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे.

पाद्रीबुवांची यादी

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत जायचं ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. चौसष्ट घरांचे मिळून जेवढे दाणे होतात, ती संख्या म्हणजे २ चा ६४वा घात वजा १. पटाला आणखी तीन घरं जोडा. सदुसष्ट घरांची बेरीज होते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

हीच आपली संख्या. २ चा ६७वा घात वजा १. तिला आपण 'सदुसष्टी' म्हणू. हे नाव माझं, गणितातलं नव्हे.

अशा संख्यांचं वेड जुनं आहे. २ च्या घातातून १ वजा केला की कधीकधी मूळ संख्या मिळते, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. ३, ७, ३१, १२७ या तशा आहेत. त्यासाठी घात स्वतः मूळ संख्या असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मग कोणते घात चालतात? पॅरिसमध्ये मारां मेर्सेन नावाचे एक ख्रिस्ती मठवासी राहत. जन्म १५८८, मृत्यू १६४८. तेव्हा संशोधनाची नियतकालिकं नव्हती. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ अशा लोकांशी मेर्सेन यांचा पत्रव्यवहार चाले आणि एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत त्यांच्यामार्फत पोचे. आजच्या भाषेत ते त्या काळच्या सर्वांत मोठ्या ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. १६४४ मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकलं की २५७ पर्यंतच्या घातांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच चालतात.

सिद्धता दिली नाही. देणं शक्यही नव्हतं. २ चा २५७वा घात सत्त्याहत्तर... नाही, अठ्ठ्याहत्तर अंकी असतो. त्यातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या मूळ आहे की नाही हे त्या काळी हाताने तपासणं केवळ अशक्य होतं. पण यादी छापली गेली, छापलेलं होतं म्हणून पुढे सांगितली गेली, आणि त्या यादीत ६७ होता. पुढची दोनशेहून अधिक वर्षं सदुसष्टी मूळ संख्या म्हणून वावरली. कुणी मोठ्या माणसाने म्हटलं होतं, एवढ्या आधारावर.

सगळीकडे शोधायचं नसतं

आता समजा, तुम्हाला शंका आली. तपासणार कसं? शाळेतली रीत म्हणजे २, ३, ५, ७, ११ असं एकेका मूळ संख्येने भाग देऊन बघायचं. संख्येच्या वर्गमुळापर्यंत जावं लागतं. सदुसष्टीचं वर्गमूळ १,२१४ कोटींच्या पुढे आहे. हा रस्ता बंद.

इथे फर्मा मदतीला येतात. व्यवसायाने वकील-न्यायाधीश, गणित हा फावल्या वेळचा छंद. १६४० च्या सुमारास त्यांना दिसलं की या जातीच्या संख्यांना कुठलाही मूळ अवयव चालत नाही. घात ११ असेल तर प्रत्येक मूळ अवयव २२ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असतो. २०४७ चे अवयव बघा: २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. घात ६७ असेल तर अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त हवा. शिवाय आणखी एक अट आहे: अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे.

या दोन अटी लावून मी उमेदवार शोधायला बसले. १३५ ला पाचाने भाग जातो, बाद. ५३७ ला तिनाने, बाद. ६७१, १०७३, १२०७ सगळे बाद. पहिला खरा उमेदवार निघाला १६०९. भाग दिला, बाकी २४९. दुसरा ३२१७. भाग दिला, बाकी १९६. एकवीस अंकी संख्येला असा भाग द्यायला मला सुमारे दहा मिनिटं लागतात, न चुकता केला तर.

हे करताना बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "हे आमच्या बॅलन्सिंगसारखं आहे."

बाबा एका सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत लेजरवर होते. १९८६ साली सहामाहीच्या बॅलन्सिंगमध्ये बचत खात्यांच्या लेजरची बेरीज जुळेना. साडेचारशे रुपये कमी. तेव्हा ही रक्कम लहान नव्हती, आणि कॅशला हात लागणाऱ्यांत बाबा सगळ्यांत नवे होते. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. डबा खाताना मात्र शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली.

बाबांनी काय केलं? साडेचारशेला नवाने भाग जातो. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की पडणाऱ्या फरकाला नेहमी नवाने भाग जातो. ४५० म्हणजे ९० गुणिले ५. म्हणजे कुणीतरी शतक आणि दशक स्थानचे आकडे उलटे लिहिलेत, आणि त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक आहे. १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८, ४ आणि ९, किंवा ० आणि ५. बस्स. आता प्रत्येक नोंद वाचायची नाही, फक्त अशा जोड्या असलेल्या नोंदी बघायच्या. शाखेची किल्ली मागून घेऊन बाबा पाच रविवार एकटे बसले. पाचव्या रविवारी सापडलं: ५,८३० च्या जागी ५,३८० लिहिलं होतं. अक्षर बाबांचं नव्हतं.

"मग? सगळे काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? साहेबांनी चहा मागवला."

मूळ नाही, एवढंच

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सदुसष्टीचा ताळा केला. नवाचा नव्हे, पण जात तीच. हे ल्युका म्हणजे तीन खांब आणि चकत्यांचं 'टॉवर ऑफ हनोई' हे कोडं काढणारे. कोडिंग शिकताना ज्याने तुमचं डोकं खाल्लं असेल, ते.

त्यांच्या पद्धतीचं पुढे १९३० मध्ये डी. एच. लेहमर यांनी सोपं केलेलं रूप इतकं साधं आहे की ते इथेच करून बघता येईल. ३१ घ्या, म्हणजे २ चा ५वा घात वजा १. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. घातापेक्षा दोनाने कमी, म्हणजे इथे तीन पायऱ्या झाल्यावर शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. २०४७ वर हेच केलं तर नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. शून्य नाही, म्हणजे २०४७ मूळ नाही.

पण गंमत बघा. १७३६ या आकड्यात २३ कुठे आहे? ८९ कुठे आहे? कुठेच नाही. ही परीक्षा फक्त पास की नापास एवढंच सांगते. सदुसष्टीसाठी लेहमरच्या रीतीने ६५ पायऱ्या लागतात, प्रत्येकीत एकवीस अंकी संख्येचा वर्ग. कष्टाचं काम आहे, पण माणसाला झेपणारं. ल्युकांच्या कसोटीत सदुसष्टी नापास झाली. त्याच सुमारास त्यांनी २ चा १२७वा घात वजा १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचंही दाखवलं. म्हणजे मेर्सेन एका ठिकाणी बरोबर होते, एका ठिकाणी चूक. पुढे कळलं की ते २५७ लाही चुकले होते आणि ६१, ८९ व १०७ हे तीन घात त्यांच्या यादीत यायचेच राहिले होते. ६१ ची चूक १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन यांनी दाखवली. ते रशियातल्या एका आडगावचे धर्मगुरू होते.

तर १८७६ पासून जगाला माहीत होतं की सदुसष्टीचे अवयव पडतात. कोणते, हे कुणालाच माहीत नव्हतं. ल्युका १८९१ मध्ये वारले. त्यांनाही ते कळलं नाही.

शाळेत असताना एका परीक्षेत मी 'ही संख्या मूळ नाही' एवढंच लिहून आले होते. शून्य मिळालं. अवयव दाखवल्याशिवाय कशावरून, असं सर म्हणाले होते. सरांचं बरोबरच होतं, मी अंदाजाने लिहिलं होतं. पण अवयव न दाखवताही हे सिद्ध करता येतं, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

फळ्यावरचा शनिवार

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. वक्ते फ्रँक नेल्सन कोल, वय ४२, कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक, सोसायटीचे चिटणीस. विषय मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याबद्दलचा.

गोष्ट अशी सांगतात. कोल उठले, फळ्यापाशी गेले, काही न बोलता २ चा ६७वा घात काढत गेले. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या भागाकडे सरकले आणि तिथे एक गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. ओळीखाली ओळ, हातचे घेत, शेवटपर्यंत. दोन्ही उत्तरं एकच आली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी प्रश्न विचारला नाही.

ही गोष्ट एरिक टेंपल बेल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात सांगितली. बेल लिहायचे सुरेख, पण तिखटमीठ लावण्याबद्दल त्यांची ख्याती होती. शिवाय १९०३ मध्ये ते कॅलिफोर्नियात शिकत होते, सभेला नव्हते. त्यामुळे ते मौन किती खरं आणि किती रंगवलेलं, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. तारीख, अवयव आणि सोसायटीच्या मुखपत्रात छापलेला कोल यांचा लेख मात्र पक्का आहे. बेल यांनी पुढे, १९११ मध्ये, खुद्द कोल यांना विचारलं होतं की यासाठी किती वेळ लागला. कोल यांचं उत्तर होतं: तीन वर्षांचे रविवार.

या उत्तरावर मी हिशेब करून पाहिला. फर्मांच्या अटींत बसणाऱ्या मूळ संख्या १९,३७,०७,७२१ पर्यंत साधारण ऐंशी हजार आहेत. दर भागाकाराला दहा मिनिटं धरली आणि रविवारी आठ तास बसलं, तरी १,६०० हून जास्त रविवार लागतात. म्हणजे तीस वर्षांच्या वर. कोल यांच्याकडे तीन वर्षं होती, सुमारे दीडशे रविवार. वर मूळ संख्यांची छापील कोष्टकं तेव्हा ९० लाखांच्या आसपास संपत. १९ कोटींपर्यंतचे उमेदवार कोष्टकात बघून मिळणं शक्यच नव्हतं.

तेव्हा कोल नुसते भागाकार करत बसले नव्हते. त्यांनी वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून नवनव्या अटी काढल्या. अवयव अमुक संख्येने भागल्यावर तमुकच बाकी देऊ शकतो, अशी एकेक अट. प्रत्येक अटीने उरलेले उमेदवार साधारण निम्म्यावर येतात. निम्म्याचे निम्मे करत गेलं की ऐंशी हजारांचे थोडेच उरतात. बाबांची 'पाचाचा फरक' ही अट तशीच होती. रविवार बहुतेक शोधण्यात नाही, कुठे *शोधायचं नाही* ते ठरवण्यात गेले असावेत.

ज्या अंतरावर कुलूप बसवलं

आता तुम्ही विचाराल, याचा उपयोग काय? १९०३ मध्ये या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होतं: काही नाही.

पण एका माणसाला या अंतराचा वास आधीच लागला होता. १८७४ मध्ये इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आणि तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी लिहिलं की दोन संख्यांचा गुणाकार कुणीही करेल, पण ८,६१,६४,६०,७९९ हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला कळेल असं त्यांना वाटत नाही. (८९,६८१ आणि ९६,०७९. आज तुमचा फोन हे पापणी लवायच्या आत सांगतो.) आकडा त्यांनी लहान निवडला, पण मुद्दा अचूक पकडला होता. एका दिशेने जाणं सोपं, परत येणं अवघड.

शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच उताराचं कुलूप बनवलं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्या, गुणा, गुणाकार जाहीर करा. त्याच्या आधारे कुणीही तुम्हाला गुप्त निरोप पाठवू शकतो. उघडायला मात्र ते दोन अवयव लागतात, आणि ते फक्त तुमच्याकडे. तिघांच्या आडनावांवरून याला आरएसए म्हणतात. (ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना हेच १९७३ मध्ये सुचलं होतं. खात्याने ते १९९७ पर्यंत दडवून ठेवलं.) वेबसाइट खरी आहे याची खात्री तुमचा फोन करून घेतो, तेव्हा आजही बऱ्याच ठिकाणी आरएसए असतं. नव्या ठिकाणी दुसऱ्या गणिताची कुलुपंही आली आहेत.

ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पहिल्यांदा पोचवली मार्टिन गार्डनर यांनी, 'सायंटिफिक अमेरिकन'च्या ऑगस्ट १९७७ च्या अंकातल्या आपल्या सदरात. हेच सदर, ज्यात दोनच वर्षांपूर्वी, मार्च १९७५ मध्ये, गार्डनर यांनी देवळालीच्या एका शाळामास्तरांबद्दल लिहिलं होतं: दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ६१७४ वाले कापरेकर. विद्यापीठाची खुर्ची नाही, मोठी पदवी नाही, शाळा सुटल्यावर आकड्यांशी खेळत बसणारा माणूस. (६१७४ चे अवयव पाडून बघा: एक २, दोन ३, तीन ७.) कापरेकरांच्या आकड्यांचा उपयोग काय, हेही लोक विचारायचेच.

१९७७ च्या त्या लेखात १२९ अंकांची एक संख्या आणि तिच्या कुलपात बंद केलेला एक निरोप दिला होता. उघडणाऱ्याला शंभर डॉलर. अवयव पाडायला ४ वर सोळा शून्यं इतकी वर्षं लागतील, असा रिव्हेस्ट यांचा अंदाज होता. लागली सतरा. १९९४ च्या एप्रिलमध्ये सुमारे सहाशे लोकांनी जगभरातल्या सोळाशेच्या आसपास संगणकांवर काम वाटून घेऊन ती फोडली. ६४ अंकी एक आणि ६५ अंकी एक असे अवयव निघाले. आतला निरोप होता की जादूचे शब्द आहेत 'स्क्वीमिश ऑसिफ्रेज'. ऑसिफ्रेज म्हणजे हाडं फोडून खाणारं गिधाड, आपल्या हिमालयात दिसतं ते. अर्थ काहीच नाही, चेष्टा होती.

ज्या पद्धतीने ती फोडली, तिचा गाभाही वर्ग आणि त्यांच्या बाक्या हाच होता. कोल जिवंत असते तर त्यांना ती भाषा परकी वाटली नसती.

आणि ते अंतर? ते अजून तसंच आहे, किंबहुना वाढलं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी सिद्ध केलं की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात, अचूक आणि खात्रीने ठरवता येतं. म्हणजे 'चूक आहे का' हा अर्धा भाग सुटला. 'कुठे आहे' यासाठी साध्या संगणकांवर तशी झटपट रीत अजून कुणाला सापडलेली नाही. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडायला एकाच प्रोसेसरने केलं असतं तर २,७०० वर्षं लागली असती इतकं काम लागलं. प्रत्यक्षात वापरतात त्या संख्या ६१७ अंकी असतात. क्वांटम संगणक पुरेसे मोठे झाले तर हे कुलूप उघडेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून ठेवलं आहे, आणि म्हणून नवी कुलुपं घडवणं सुरूही झालं आहे.

पाचवी ओळ

सदुसष्टी माझ्या फोनमध्ये टाकली. एका सेकंदाच्या आत दोन्ही अवयव समोर आले. तीन वर्षांचे रविवार एका सेकंदाच्या आत.

हे बघून मला वाईट वाटायला हवं होतं का, ते कळेना. मी आणि माझ्या वयाची माझी सगळी मित्रमंडळी हल्ली याच प्रश्नापाशी अडकलो आहोत. आपण जे शिकायला चार वर्षं घातली, ते यंत्र क्षणात करतं. मग आपले रविवार कशाला?

मी बाबांना विचारलं. आता कॉम्प्युटर बॅलन्सिंग करतो, चुकीची नोंद घेतच नाही. ते पाच रविवार फुकट गेले असं नाही वाटत?

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, मला साडेचारशे रुपये शोधायचे नव्हते. मी घेतले नाहीत हे मला माहीतच होतं. दुसऱ्यांना दाखवता येत नव्हतं."

कोल यांनी सभेत काय दाखवलं, याचा मी पुन्हा विचार केला. ती संख्या मूळ नाही हे त्या खोलीत सगळ्यांना सत्तावीस वर्षं माहीत होतं. नवीन एवढंच होतं की आता ते कुणालाही तपासता येत होतं. ल्युकांची कसोटी समजायला गणितज्ञ व्हावं लागतं. कोल यांचा गुणाकार चौथीतलं मूल तपासू शकतं. मीही तपासला, एक हातचा विसरून.

काल पुन्हा रविवार होता. मी उठून बाहेर आले तर बाबा माझी चौकटीची वही घेऊन बसले होते. १६०९ आणि ३२१७ च्या खाली त्यांनी पुढच्या संख्या लिहून एकेक खोडली होती: ३३५१, ३७५३, ३८८७. मग ४२८९. त्याच्याखाली पानभर भागाकार, त्यांच्या त्या बँकेतल्या सरळ, टोकदार अक्षरात.

"बाकी ३०७८," ते म्हणाले. "हाही नाही."

त्यांना उत्तर माहीत आहे. वहीच्या पहिल्याच पानावर आहे. मी चहा ठेवला, आणि पुढचा उमेदवार शोधायला शेजारी बसले.